सावलीतले सागाचे रोप : वणव्यावरील बंदी आणि उजेडाचा शोध

१/२१
मुंबईच्या गोदीत जमशेदजी बमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली १८१७ साली बांधलेले 'ट्रिंकोमाली' हे सागवानी लढाऊ जहाज आजही इंग्लंडमधील हार्टलपूल येथे पाण्यावर तरंगते आहे. दोन शतके खारे पाणी सोसणारे हे लाकूड ज्या झाडापासून मिळते, ते झाड आपल्या आयुष्याच्या पहिल्या काही वर्षांत मात्र एका गोष्टीपुढे हतबल असते. ती गोष्ट म्हणजे सावली. हे साधे सत्य कृतीत उतरवायला ब्रिटिश साम्राज्याच्या वनखात्याला जवळजवळ अर्धे शतक लागले. त्या विलंबाची किंमत मोजली डोंगरातल्या शेतकऱ्यांनी. त्या अर्धशतकाची ही हकीकत.

२/२१
एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडमधील ओकची जंगले आरमाराला अपुरी पडू लागली होती. साहजिकच नजर वळली मलबार आणि कोकणच्या सागाकडे. अनिर्बंध तोडीने किनाऱ्यालगतची जंगले झपाट्याने विरळ होत गेली. अखेर १८४७ मध्ये मुंबई इलाख्यात वनसंरक्षक हे पद निर्माण झाले आणि त्यावर डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांची नेमणूक झाली. गिब्सन पेशाने वैद्य. त्यापूर्वी पुण्याजवळील दापोडीच्या सरकारी वनस्पती-उद्यानाचे ते अधीक्षक होते. सह्याद्रीच्या उतारांवरील 'कुमरी' शेतीमुळे जंगल उजाड होते आणि ओढे आटतात, असे त्यांचे ठाम मत होते.

३/२१
कुमरी म्हणजे फिरती शेती. जंगलाचा एक तुकडा तोडायचा, वाळलेला पाला-फांद्या पेटवायच्या, राखेत एक-दोन वर्षे नाचणी किंवा वरी घ्यायची आणि मग ती जागा अनेक वर्षे पडीक सोडून दुसरीकडे जायचे. सरकारी कागदपत्रांत या पद्धतीचे वर्णन बहुधा एकाच शब्दात होई : विध्वंस. पेटलेला डोंगर पाहणाऱ्या अधिकाऱ्याला जळणारे लाकूड दिसत असे. त्या जळलेल्या जागी पुढील पावसाळ्यात जमिनीपर्यंत किती ऊन पोहोचते आणि त्यात काय उगवते, हा प्रश्न त्या काळी कोणी फारसा विचारीत नव्हते.

४/२१
याच सुमारास मलबारमध्ये एक निराळा प्रयोग चालू झाला. जिल्हाधिकारी हेन्री कोनोली आणि त्यांचे सहकारी चातू मेनन यांनी १८४० च्या दशकात निलांबूर येथे सागाची लागवड सुरू केली. पहिली अडचण बियाण्याचीच होती. सागाचे फळ टणक असते. ते आळीपाळीने भिजवले, वाळवले, तापवले तरच नीट रुजते. ती अडचण दूर झाल्यावर मोकळ्या केलेल्या जमिनीवर रोपे जोमाने वाढली. निलांबूरचा साग वाढला याचे एक कारण डोळ्यांसमोर होते : त्या रोपांच्या डोक्यावर दुसरे कोणतेही झाड नव्हते.

५/२१
तरीही साम्राज्याची गरज भागवण्याइतका साग लागवडीतून मिळणे शक्य नव्हते. १८५२ च्या दुसऱ्या इंग्रज-ब्रह्मी युद्धानंतर पेगू प्रांत कंपनीच्या ताब्यात आला आणि त्याबरोबर पेगू योमा डोंगररांगेतील अफाट सागवान हाती लागले. ब्रह्मदेशाच्या राजांच्या काळी साग ही राजाची मालमत्ता मानली जाई. आता ती गव्हर्नर-जनरलची झाली. लॉर्ड डलहौसीने या जंगलांसाठी एका जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाची निवड केली. बॉनचे डीट्रिख ब्रँडिस जानेवारी १८५६ मध्ये पेगूच्या वनांचे अधीक्षक झाले. त्या वेळी ते अवघ्या एकतीस वर्षांचे होते.

६/२१
जंगलात झाडे किती आहेत, हे कोणालाच ठाऊक नव्हते. ब्रँडिस यांनी त्यासाठी एक साधी युक्ती योजली. हत्तीवर बसून ते ठरलेल्या रेषेत जंगल ओलांडीत. डाव्या हातात बांबूच्या काही कांड्या असत. घेराच्या प्रत्येक वर्गासाठी एक कांडी. वाटेत साग दिसला की त्याच्या घेराप्रमाणे त्या कांडीवर खिशातल्या चाकूने एक खाच पाडायची. संध्याकाळी खाचा मोजल्या की त्या पट्ट्यातील झाडांचा हिशेब तयार. पावसात कागद टिकत नसे, बांबू टिके. वसाहतकालीन वनव्यवस्थापनाचा पाया या खाचांवर रचला गेला, असे म्हणण्यास हरकत नाही.

७/२१
या मोजणीवरून ब्रँडिस यांनी तोडीचा नियम बसवला : जितकी मध्यम झाडे वाढून मोठ्या वर्गात येतील, तितकीच मोठी झाडे काढायची. तोडायच्या झाडाची साल व बाहेरचे लाकूड बुंध्याभोवती गोलाकार कापून ते उभ्याउभ्याच वाळवीत, कारण ओला साग पाण्यात बुडतो आणि वाळलेला तरंगत नदीने रंगूनपर्यंत जातो. हिशेब चोख होता. मात्र तो एका गृहीतकावर उभा होता. लहान झाडे मोठी होतील, आणि त्यांच्या जागी नवी लहान झाडे येतील. ती नवी रोपे येतात कोठून, आणि तगतात कशाच्या बळावर?

८/२१
जर्मन वनशास्त्राला हा प्रश्न नवा नव्हता. हार्टिग आणि कोट्टा यांच्या पिढीने अठराव्या शतकाच्या अखेरीपासून बीचच्या जंगलासाठी टप्प्याटप्प्याच्या तोडीची पद्धत रूढ केली होती. प्रथम थोडी झाडे काढून बी पडू द्यायचे. रोपे दिसू लागली की आणखी झाडे काढून उजेड वाढवायचा. शेवटी उरलेले छत्र हटवायचे. मधल्या तोडीला जर्मन भाषेत 'उजेडाची तोड' असेच नाव आहे. १८५२ साली गुस्ताव हायर यांनी तर वनवृक्षांच्या उजेड-सावलीतील वर्तनावर स्वतंत्र ग्रंथच लिहिला. काही झाडे उजेडाची मागणी करणारी, काही सावली सोसणारी, ही विभागणी त्यामुळे वनशास्त्रात प्रतिष्ठित झाली.

९/२१
या विभागणीमागचे गणित जमाखर्चाचे आहे. पान उजेडात साखर बनवते. ती रोपाची कमाई. पान, खोड आणि मूळ जिवंत राहण्यासाठी अहोरात्र श्वसन करतात, तो खर्च. घनदाट उष्णकटिबंधीय जंगलात तळाशी पोहोचणारा उजेड उघड्यावरील उजेडाच्या केवळ एक-दोन टक्के असू शकतो. सावली सोसणाऱ्या झाडाची रोपे खर्च कमी ठेवतात, पातळ पाने धरतात आणि वर्षानुवर्षे गुडघाभर उंचीवर वाट पाहत राहतात. उजेडप्रेमी झाडाचे रोप भराभर वाढण्यासाठी घडलेले असते. त्याचा खर्च मोठा, म्हणून सावलीत त्याचे दिवाळे लवकर निघते. साग या दुसऱ्या वर्गात मोडतो, तोही अगदी टोकाला.

१०/२१
पेगू योमाच्या ओलसर जंगलात सागाची मुख्य झुंज असते बांबूशी. तेथे सागाखाली बांबूची दाट बेटे असतात. उन्हाळ्यात साग स्वतः निष्पर्ण होतो आणि जंगलाच्या तळाशी ऊन येते. पण तेव्हा जमीन कोरडी असते व बी रुजत नाही. बी रुजते पावसाच्या आरंभी. नेमके त्याच वेळी वरच्या झाडांना पालवी फुटते, बांबू हिरवागार होतो आणि आकाश झाकले जाते. पाणी असते तेव्हा उजेड नाही, उजेड असतो तेव्हा पाणी नाही, अशी ही कोंडी. मग या जंगलात शेकडो वर्षे साग आला कसा?

११/२१
याच्या उत्तरात आगीचा मोठा वाटा होता. उन्हाळ्यात पाचोळ्यातून सरपटत जाणारी आग बांबूची कोवळी रोपे व सदाहरित झुडपे जाळून तळ मोकळा करते. सागाच्या टणक फळाला उष्णता लागून ते रुजण्यास मदत होते. सागाचे रोपही जळते, परंतु फक्त जमिनीवरचे. खाली मूळ जिवंत राहते आणि पावसाळ्यात नवा कोंब फुटतो. असे अनेक वर्षे चालते. मूळ दरवर्षी जाड होत जाते, आणि एखाद्या वर्षी, वर उजेडाची वाट मोकळी सापडली की तो कोंब एका झेपेत आगीच्या आवाक्याबाहेर जातो. पुढे मोठ्या सागाची जाड साल त्याचे रक्षण करते.

१२/२१
सरकारी दृष्टीने मात्र आग हा निव्वळ शत्रू होता. १८६० च्या दशकात मध्य प्रांतातील, म्हणजे नागपूर राजधानी असलेल्या प्रांतातील, वनाधिकारी कॅप्टन पिअर्सन यांनी सातपुड्यातील बोरीच्या जंगलात जाळरेषा काढून वणवा रोखून दाखवला. एवढे मोठे जंगल आगीपासून वाचवता येते यावर तोवर अनेकांचा विश्वास नव्हता. बोरीच्या तुलनेने कोरड्या जंगलात या संरक्षणाचा लाभही दिसला. ब्रँडिस १८६४ मध्ये हिंदुस्थानचे पहिले वनमहानिरीक्षक झाले. १८६५ आणि १८७८ चे वनकायदे आले. राखीव वनात आग लावणे हा गुन्हा ठरला.

१३/२१
पुढचे पाऊल चुकीचे पडले. कोरड्या सातपुड्यात सफल झालेला उपाय ब्रह्मदेशाच्या ओल्या डोंगरांवरही लादण्यात आला. जाळरेषा आखल्या गेल्या, पहारेकरी नेमले गेले, आणि वार्षिक अहवालांत आगीपासून राखलेल्या क्षेत्राचे आकडे अभिमानाने छापले जाऊ लागले. आग थांबली. पाचोळा साचला, बांबू दाटला, सदाहरित झुडपे वर आली. जुने साग उभे होते, त्यामुळे वरून पाहणाऱ्याला जंगल पूर्वीपेक्षा अधिक हिरवे दिसे. जमिनीवर वाकून पाहणाऱ्याला मात्र सागाचे नवे रोप क्वचितच सापडे. जे सापडे ते सावलीत खुरटलेले.

१४/२१
अखेर खात्यातूनच आवाज उठला. 'इंडियन फॉरेस्टर' हे वनाधिकाऱ्यांचे नियतकालिक १८७५ पासून निघत होते. १८९६ मध्ये ब्रह्मदेशातील अधिकारी हर्बर्ट स्लेड यांचा लेख त्यात प्रसिद्ध झाला. ब्रह्मदेशात अग्निसंरक्षणाचा अतिरेक झाला आहे, असे त्याच्या शीर्षकातच म्हटले होते. पुढील काही वर्षे या प्रश्नावर खात्यात खडाजंगी झाली. एका बाजूचे म्हणणे, आग जमिनीचा कस नेते आणि खोडे पोकळ करते. दुसऱ्या बाजूचे म्हणणे, आगीविना ओल्या जंगलात सागाला पुढची पिढीच नाही. दोन्ही म्हणण्यांत तथ्य होते, आणि म्हणूनच वाद लांबला.

१५/२१
वाद लांबण्याचे आणखी एक कारण होते, आणि ते वनस्पतिशास्त्राच्या बाहेरचे होते. वनखात्याचा अधिकार एका विधानावर उभा होता : गावकऱ्याला जंगल कळत नाही, सरकारला कळते. गावकऱ्याची आग हा त्या अज्ञानाचा सर्वांत ठळक पुरावा मानला गेला होता. तीच आग सागाच्या कामाची होती असे कबूल करणे म्हणजे तीस वर्षांचे दंड, खटले आणि पहारे यांच्या पायाला हात घालणे होते. तरीही विसाव्या शतकाच्या आरंभी ब्रह्मदेशातील ओल्या साग-जंगलांतून सरसकट अग्निसंरक्षण मागे घेतले जाऊ लागले. पूर्व हिमालयाच्या पायथ्याशी, बंगाल-आसामच्या सालवनांतही पुढे हाच अनुभव आला.

१६/२१
याच कथेचा दुसरा धागा आहे करेन शेतकऱ्यांचा. पेगू योमातील करेन लोक डोंगरावर फिरती शेती करीत. तिचे ब्रह्मी नाव 'तौंग्या', म्हणजे डोंगरावरचे शेत. आरंभी तेही सागाचे वैरीच मानले गेले. परंतु ब्रँडिस यांच्या लक्षात आले की करेन शेतकरी शेतासाठी जो तुकडा मोकळा करतो, तो सागाच्या रोपाला हवा तसाच असतो : वर सावली नाही, खाली राख आहे, तण काढणारा माणूस आहे. मग करार झाले. शेतकऱ्याने भात व कापसाच्या ओळींत सागाचे बी लावायचे, राखायचे, आणि जगलेल्या रोपांमागे मोबदला घ्यायचा. शास्त्र याला 'तौंग्या पद्धत' म्हणू लागले.

१७/२१
सरकारच्या दृष्टीने हा सौदा फार फायद्याचा होता. जागा मोकळी करण्याची आणि निंदणीची मजुरी जवळजवळ वाचली. उघड्या उजेडात रोपे वेगाने वाढली. पुढे ही पद्धत बंगाल, दक्षिण हिंदुस्थान आणि आफ्रिकेपर्यंत गेली. शेतकऱ्याच्या दृष्टीने हिशेब निराळा होता. फिरत्या शेतीत पडीक सोडलेली जागा काही वर्षांनी पुन्हा शेतीस मिळे. साग लावलेली जागा परत मिळत नसे. ती सरकारची झाली. प्रत्येक तौंग्याबरोबर करेन कुटुंब स्वतःच्या हातांनी आपल्या नातवंडांचे शेत कमी करीत होते. ज्या कौशल्याला कालपर्यंत गुन्हा म्हटले जाई, तेच कौशल्य आता स्वस्त मजुरी म्हणून वापरले गेले.

१८/२१
उजेड हेच एकमेव कारण, असा निष्कर्ष मात्र घाईचा ठरला असता. १९०४ मध्ये जर्मन वनशास्त्रज्ञ कार्ल फ्रिके यांनी पाइनच्या जंगलात खुरटलेल्या रोपांभोवती चर खणून शेजारच्या मोठ्या झाडांची मुळे तोडली. वरची सावली तशीच ठेवली. तरी रोपे टवटवीत झाली. म्हणजे मोठे झाड उजेड अडवते तसेच जमिनीतले पाणीही पळवते. हायर यांच्या विभागणीला फ्रिके यांनी शास्त्रीय आधार नसलेली रूढी म्हटले. देहरादूनच्या वनसंशोधन संस्थेत आर. एस. होल यांनी सालच्या रोपांचा अभ्यास करताना आणखी एक घटक दाखवला : दाट सावली व कुजत्या पाचोळ्याखालच्या ओल्या जमिनीत मुळांना हवा मिळत नाही, आणि रोप पावसाळ्यातच गुदमरते.

१९/२१
दरम्यान सावलीचे मोजमापही सुरू झाले होते. व्हिएन्नाचे यूलियस वीस्नर यांनी छायाचित्रणाचा कागद जंगलात धरून, तो किती वेळात काळवंडतो यावरून उजेड मोजला. १९०७ चा त्यांचा ग्रंथ वनस्पतींना मिळणाऱ्या उजेडाचा पहिला मोठा जमाखर्च होय. पुढे, १९५९ मध्ये, अमेरिकेत 'फायटोक्रोम' या रंगद्रव्याचा प्रत्यक्ष छडा लागला आणि सावलीला रंग असतो हेही उमगले. वरची पाने तांबडा प्रकाश शोषतात, पण त्यापलीकडचा अतितांबडा प्रकाश खाली झिरपतो. या दोहोंच्या प्रमाणावरून रोपाला कळते की डोक्यावर पाने आहेत. उजेडप्रेमी रोप मग पाने सोडून उंचीवर खर्च करते. वाट सापडली तर वाचते. न सापडल्यास हा जुगार अंगाशी येतो.

२०/२१
बांबूच्या जंगलात ही वाट कधी कधी एकदम उघडते. अनेक दशकांनी एकदा डोंगरचे डोंगर बांबू एकाच वेळी फुलतो, बी टाकतो आणि मरतो. काही वर्षे तळाशी भरपूर ऊन पोहोचते. वर्षानुवर्षे जळून पुन्हा फुटणारी सागाची मुळे याच संधीची जणू वाट पाहत असतात. नवा बांबू दाटण्यापूर्वी ती वर निसटतात. म्हणून ब्रह्मदेशात बांबूला फुलोरा आला की वनाधिकारी साग मोकळा करण्याची कामे तेथे वळवीत. ब्रह्मदेशात काम केलेल्या आर. एस. ट्रूप यांच्या हिंदुस्थानी वृक्षांच्या संवर्धनावरील १९२१ च्या त्रिखंडी ग्रंथात सागाविषयीचे हे सारे ज्ञान एकत्र आले.

२१/२१
या इतिहासातून 'आग चांगली' असा धडा कोणी घेऊ नये. कोरड्या जंगलात वारंवार येणारा वणवा रोपांचा आणि जमिनीचा नाशच करतो. पिअर्सन बोरीत चुकले नव्हते. चूक झाली ती एका डोंगराचे उत्तर दुसऱ्या डोंगरावर लादण्यात, आणि त्या दुसऱ्या डोंगरावर राहणाऱ्यांना काही विचारण्याची गरज न वाटण्यात. ब्रँडिस यांच्या बांबूच्या कांड्यांवर घेरात भरणाऱ्या झाडांच्या खाचा होत्या. पाचोळ्यातल्या वीतभर रोपासाठी त्यांत खाच नव्हती. ते रोप किती उजेडावर जगते, हे करेन शेतकरी दरवर्षी निंदणी करताना पाहत होता. त्याची साक्ष खात्याच्या दप्तरात फार उशिरा नोंदली गेली, आणि तीही त्याच्या नावावाचून.